स्वतंत्र पक्षाचा उदयास्त आणि आमची पाबळची पंचक्रोशी

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत संतचरित्रे, वधूवर-सूचना, शिष्यवृत्तीच्या याद्या आणि दिवंगत ज्ञातिबांधवांचे स्मरण यांस प्रतिवर्षी स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु मतदानाचा हक्क मिळून सात दशके उलटली, तरी त्या हक्काचा इतिहास आपल्या स्मरणिकेत क्वचितच येतो. अलीकडे प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर आपल्या बैठकांतून एक सूर हमखास निघतो : ‘समाजाची मते एकगठ्ठा टाकावीत, म्हणजे समाजाला किंमत येईल.’ हा विचार कितपत हिताचा आहे, हे ठरविण्यासाठी आम्ही येथे एका लहान पक्षाची हकीकत सांगणार आहोत. या पक्षाला महाराष्ट्र विधानसभेत कधी जागा मिळाली नाही. आजच्या तरुणांपैकी पुष्कळांनी त्याचे नावही ऐकलेले नसेल. तरी शेतकऱ्याची जमीन, त्याचा माल आणि त्याचे मत या तिन्ही गोष्टींविषयी त्याने जे प्रश्न उपस्थित केले, ते पाबळच्या बाजारात आजही सुटलेले नाहीत. हा पक्ष म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचा स्वतंत्र पक्ष होय.

पाबळ आणि जमिनीची मालकी

प्रथम आपल्या भूमीविषयी दोन शब्द. पाबळचे नाव इतिहासात मस्तानीच्या समाधीमुळे सर्वांस ठाऊक आहे. थोरल्या बाजीरावांनी हा गाव तिच्याकडे लावून दिला होता, आणि १७४० साली तिचे देहावसान झाल्यावर येथेच तिची कबर झाली. राजाच्या मर्जीने मिळालेली जमीन ही त्या काळची रीत होती. मर्जी असेतो जमीन, मर्जी फिरली की सनद फिरे.

पुढे इंग्रजी अमलात ही स्थिती पालटली. पाबळ त्या वेळी काही काळ तालुक्याचे ठाणे होते. आपल्याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट यांच्या हातून नवी जमीनमोजणी व सारा-आकारणी झाली आणि तीच पद्धत पुढे दख्खनभर पसरली. हीच रयतवारी. तिच्यात सरकार आणि कुणबी यांच्यामध्ये कोणी जमीनदार उरला नाही. ज्याच्या नावाचा खातेउतारा, तो जमिनीचा धनी. ही मालकी सुखाची होती असे मात्र नाही. साऱ्याचा हप्ता रोखीने भरावा लागे, आणि पाऊस पाबळच्या माथ्यावर येईतो सह्याद्रीतच रिता होई. मग सावकाराची पायरी चढावी लागे. या जाचाचा स्फोट १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे झाला आणि पाहता पाहता शिरूरपर्यंत गावोगाव कर्जखते जाळण्यात आली. त्याच्या परिणामी १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा झाला. तात्पर्य, जमीन आपली असणे म्हणजे काय आणि ती हातची जाणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी शिकवावे लागले नाही. असे असूनही जमिनीच्या मालकीचा कैवार घेऊन उभ्या राहिलेल्या पक्षाला येथे मते का मिळाली नाहीत, हाच या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

पक्षाचा जन्म

योगायोग असा की, या पक्षाच्या जन्माचे निमित्त महाराष्ट्राच्या भूमीवरच घडले. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूर येथे भरले. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने तेथे संयुक्त सहकारी शेतीचा ठराव संमत झाला. जमिनीवरील नाव शेतकऱ्याचेच राहील, परंतु बांध मोडून जमिनी एकत्र कसल्या जातील, अशी ती कल्पना होती. चौधरी चरणसिंग यांनी काँग्रेसमध्ये असूनही तिला उघड विरोध केला. बाहेर राजाजी, शेतकरी चळवळीतील आचार्य रंगा, एके काळचे समाजवादी व मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी आणि कन्हय्यालाल मुनशी एकत्र आले. ४ जून १९५९ रोजी मद्रास येथे राजाजींनी नव्या पक्षाची घोषणा केली. त्या वेळी त्यांचे वय ऐंशी वर्षांचे होते. हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल म्हणून राहिलेला पुरुष ज्या वयात नातवंडांत रमावा, त्या वयात विरोधी पक्ष काढावयास निघाला, याचे तेव्हा सर्वांनाच आश्चर्य वाटले. पुढे ऑगस्ट महिन्यात मुंबई येथे पक्षाची पूर्वतयारीची परिषद झाली. रंगा अध्यक्ष झाले व मसानी सरचिटणीस.

पक्षाची एकवीस मूलतत्त्वे होती. व्यक्तीचे स्वातंत्र्य, मालमत्तेचा हक्क, शेतकऱ्याची स्वतःची शेती, सरकारी खर्चास आवर आणि धंद्यावरील निर्बंधांस विरोध हे त्यांचे सार. सरकारी परवाने, लायसन्स व कोटा यांच्या राज्यास राजाजींनी ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ असे नाव दिले आणि ते देशभर रूढ झाले. एकविसावे तत्त्व तर विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. मूलतत्त्वांत न येणाऱ्या प्रश्नांवर प्रत्येक सभासदास आपल्या बुद्धीप्रमाणे मत देण्याची मोकळीक राहील, असे त्यात म्हटले होते. आपल्या सभासदाचे मत बांधून न ठेवणारा पक्ष तेव्हाही विरळा होता आणि आजही विरळाच आहे.

निवडणुकांचा ताळेबंद

आता निवडणुकांकडे वळू. पक्षाने लोकसभेच्या तीन सार्वत्रिक निवडणुका लढविल्या.

१९६२ च्या पहिल्याच निवडणुकीत पक्षास लोकसभेत १८ जागा मिळाल्या व सुमारे ८ टक्के मते पडली. त्या लोकसभेत काँग्रेसचे ३६१ सभासद होते, कम्युनिस्टांचे २९ व जनसंघाचे १४. तीन वर्षांच्या पक्षास हे यश थोडे नव्हे. राज्यांच्या विधानसभांत तर बिहारमध्ये ५०, राजस्थानात ३६ व गुजरातेत २६ जागा मिळाल्या. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांना लोकसभेसाठी पडलेल्या सुमारे २ लक्ष ४६ हजार मतांपैकी १ लक्ष ९२ हजारांहून अधिक मते मिळाली, आणि त्या विक्रमाची चर्चा देशाबाहेरही झाली. खुद्द अध्यक्ष रंगा मात्र पराभूत झाले आणि पुढे पोटनिवडणुकीने लोकसभेत आले. मसानीही १९६३ साली राजकोटच्या पोटनिवडणुकीतून निवडून आले.

१९६७ साली पक्षाने कळस गाठला. लोकसभेत ४४ जागा मिळाल्या, जनसंघाच्या ३५ झाल्या, आणि काँग्रेसच्या खालोखाल स्वतंत्र पक्षच मोठा ठरला. गुजरात विधानसभेत १६८ पैकी ६६ जागा त्याच्याकडे आल्या. ओरिसात ४९ जागा जिंकून जन काँग्रेसच्या साह्याने राजेंद्र नारायण सिंहदेव यांचे मंत्रिमंडळ बनले. मद्रास राज्यात द्रविड मुन्नेत्र कळघमशी युती करून पक्षाने २० जागा मिळविल्या.

त्यानंतर उतार लागला. १९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत ‘गरिबी हटाओ’ या घोषणेपुढे विरोधी पक्षांची बडी आघाडी कोसळली आणि स्वतंत्र पक्षाच्या ४४ वरून अवघ्या ८ जागा उरल्या. मतेही ३ टक्क्यांवर आली. २५ डिसेंबर १९७२ रोजी राजाजी निवर्तले. १९७४ साली पिलू मोदी यांच्या नेतृत्वाखाली पक्षाचा मोठा भाग चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला. पंधरा वर्षांत जन्म, यौवन व अंत असे या पक्षाचे आयुष्य झाले.

महाराष्ट्रात शून्य का ?

या सर्व ताळेबंदात महाराष्ट्राचा रकाना कोरा आहे. १९६२ साली आपल्या विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५ मिळाल्या व शेतकरी कामगार पक्षाला १५. १९६७ साली २७० पैकी काँग्रेसला २०३ व शेकापला १९ मिळाल्या. स्वतंत्र पक्षाच्या नावापुढे दोन्ही वेळा शून्य. आणि गंमत अशी की, नारायण दांडेकर हे मराठी गृहस्थ, पूर्वीचे आय.सी.एस. अधिकारी, स्वतंत्र पक्षातर्फे लोकसभेत होते. परंतु ते निवडून आले उत्तर प्रदेशातील गोंडा येथून आणि नंतर गुजरातेतील जामनगर येथून. मराठी माणूस परमुलखात निवडून येतो आणि मराठी मुलखात त्या पक्षाला थारा नाही, याची कारणे आमच्या अल्प बुद्धीस पुढीलप्रमाणे दिसतात.

पहिले कारण आम्ही वर सांगितलेली रयतवारी होय. बिहार, राजस्थान, ओरिसा या प्रांतांत राजे व जमीनदार यांचा गावोगाव वचक होता. त्यांनी सांगावे आणि प्रजेने मत टाकावे, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी होता. आपल्या शिरूर, खेड, दौंड भागांत असा राजा कोठून आणावा? येथे पाटील होता, पण तोही चार खातेदारांपैकीच एक. मते वरून खाली ओघळत आणण्याची पन्हळच येथे नव्हती.

दुसरे कारण कुळकायदा. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला आणि कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. या एका दिवसाने आपल्या ज्ञातीचेही दोन भाग पडले, हे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. एका घरी पिढ्यान्‌पिढ्या खंडाने केलेली जमीन नावावर चढली. दुसऱ्या घरी नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेल्या भावाची किंवा विधवा चुलतीची जमीन कुळाकडे गेली. दोन्ही घरे एकाच पंगतीस बसत, परंतु एकाच्या तोंडी कायद्याची स्तुती असे आणि दुसऱ्याच्या तोंडी उसासा. स्वतंत्र पक्ष मालमत्तेच्या हक्काविषयी बोलू लागला तेव्हा ज्याची जमीन गेली त्याला तो आपला वाटला, आणि ज्याला मिळाली त्याला तो जमीन परत मागावयास आलेला वाटला. मिळालेल्यांची घरे अधिक होती. वस्तुतः ज्याला नव्याने सात-बारा मिळाला, त्यालाच मालकीच्या रक्षणाची गरज अधिक होती. परंतु ही गोष्ट त्याच्या अंगणात जाऊन, त्याच्या भाषेत, कोणी समजावून सांगितली नाही. जी गोष्ट कुळकायद्याची तीच कमाल जमीनधारणेची. १९६१ चा कायदा आणि १९७५ ची त्याची सुधारणा यांनी जिरायतीची मर्यादा अखेर ५४ एकरांवर आणली. पाबळच्या माळावर ज्याच्याकडे पाच-दहा एकर बाजरीचे रान, त्याला ५४ एकरांची भीती कसली?

तिसरे कारण ‘सहकार’ या शब्दाचा आपल्याकडील अर्थ. नागपूरच्या ठरावातील सहकार म्हणजे बांध मोडून सामुदायिक शेती. परंतु १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी जो सहकारी साखर कारखाना उभारला, त्याची रीत निराळी होती. तेथे शेत ज्याचे त्याचे, ऊस ज्याचा त्याचा. एकत्र आले ते फक्त गाळपासाठी व भांडवलासाठी. पुढे हीच रीत महाराष्ट्रभर गेली. दौंडमध्ये पाटसचा भीमा कारखाना आणि शिरूरमध्ये न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना निघाले ते याच वाटेने. त्यामुळे राजाजी सहकारी शेतीच्या संकटाविषयी सांगत असताना आपल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे सोसायटीचे पीककर्ज आणि कारखान्याचा शेअर उभा राही. त्याला त्यात संकट दिसेना. संयुक्त शेती तर देशात कोठेच फारशी रुजली नाही आणि पक्षाच्या जन्माचे मूळ कारणच विरून गेले.

चौथे कारण भाषेचे व अस्मितेचे. १९५६ ते १९६० ही वर्षे महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घालविली. शंभरांहून अधिक हुतात्मे पडले. आणि स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांत मुनशी होते, ज्यांनी १९४८ साली भाषावार प्रांतरचनेस विरोध करून मुंबई वेगळी ठेवण्याचा पुरस्कार केला होता. मुंबईतील त्या पक्षाची पुढारी मंडळी विद्वान, सज्जन व निःस्पृह होती. परंतु त्यांची भाषणे बहुधा इंग्रजीत व सभागृहांत होत. टाटांनी काँग्रेसप्रमाणे या पक्षासही देणगी दिली, तेव्हा ‘हा शेठजींचा पक्ष’ हा शिक्का पक्का बसला. मुंबईच्या सभागृहापासून पाबळच्या चावडीपर्यंतचा रस्ता या पक्षाने कधी कापलाच नाही.

पाचवे कारण यशवंतराव चव्हाणांचे चातुर्य. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या आणि गावच्या कर्त्या माणसाला सत्तेची पहिली पायरी आपल्याच तालुक्यात सापडली. विरोधात जाऊन मालकीचे तत्त्व सांभाळण्यापेक्षा पंचायत समितीत जाऊन विहिरीचे अनुदान आणणे त्याला अधिक सोयीचे वाटले. यात त्याला दोष देता येत नाही. पाबळला पाण्याची गरज तत्त्वाहून आधीची आहे.

आणखी एक साधे कारण आहे, ते म्हणजे निवडणूक-चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी १९६९ पर्यंत मतपत्रिकेवर होती. शेतकऱ्याने मतपत्रिका उघडावी आणि दावणीची जनावरे समोर दिसावीत! स्वतंत्र पक्षाचे चिन्ह तारा. आकाशातला तारा सुंदर खरा, पण तो नांगराला जुंपता येत नाही, असे आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी हसून म्हणत.

गुजरातचा धडा

येथे आम्ही वाचकांचे लक्ष गुजरातकडे वेधतो, कारण आपल्या ज्ञातिसंस्थेच्या दृष्टीने तेथील हकीकत सर्वांत महत्त्वाची आहे. गुजरातेत क्षत्रिय सभा नावाची ज्ञातिसंस्था होती. शिक्षणप्रसार, वाईट चालींचे निर्मूलन, ज्ञातीची एकी असे तिचे हेतू होते. आपल्या संस्थेच्या घटनेतील हेतूंहून ते फारसे निराळे नव्हते. आरंभी ही सभा काँग्रेसच्या पाठीशी राहिली. उमेदवारी व मान यांबाबत असंतोष झाला तेव्हा १९६२ च्या निवडणुकीपूर्वी तिचे पुढारी नरेंद्रसिंह महिडा व त्यांचे अनुयायी स्वतंत्र पक्षात गेले. महिडा त्या पक्षातर्फे आणंद येथून लोकसभेत निवडून आले. मतांचा गठ्ठा जड असतो, हे तेव्हा सिद्ध झाले.

परंतु पुढे काय झाले? सभेतच दोन तट पडले. ज्यांना काँग्रेस सोडावयाची नव्हती ते एकीकडे आणि जे सोडून गेले ते दुसरीकडे. १९६७ साली तेच महिडा त्याच आणंदमधून पुन्हा निवडून आले, पण या वेळी काँग्रेसतर्फे! पुढारी गेला आणि आला. मागे राहिलेल्या गावोगावच्या ज्ञातिबांधवांत मात्र जी फूट पडली, ती पुढाऱ्याबरोबर परत गेली नाही. वसतिगृहांचे व शिष्यवृत्तीचे जे काम सर्वांनी मिळून करावयाचे, तेथे पक्षाचा वास येऊ लागला.

बिहारची गोष्टही अशीच बोलकी आहे. रामगढचे राजे कामाख्य नारायण सिंह यांनी आपला सारा गट स्वतंत्र पक्षात आणला, म्हणून १९६२ साली तेथे ५० जागा आल्या. थोड्याच वर्षांत राजेसाहेब गट घेऊन निघून गेले. १९६७ साली बिहार विधानसभेत त्या पक्षाच्या उरल्या अवघ्या ३ जागा. जे गठ्ठ्याने येते ते गठ्ठ्यानेच जाते. जेथे मतदाराला पक्ष स्वतः पटला होता, तेथे तो टिकून राहिला. जेथे त्याला कोणी आणून उभे केले होते, तेथे जागा रिकामी झाली.

चाकणचा कांदा आणि नवा ‘स्वतंत्र’

पक्ष बुडाला, परंतु प्रश्न बुडाला नाही. तो पुन्हा वर आला तो आमच्या अगदी शेजारी. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत मोठ्या हुद्द्यावर असलेले शरद जोशी १९७६ साली स्वदेशी परतले आणि खेड तालुक्यात चाकणजवळ आंबेठाण येथे जमीन घेऊन कोरडवाहू शेती करू लागले. हिशेबाच्या वहीने त्यांना शिकविले की, शेतकरी आळशी नाही व अडाणी नाही. त्याच्या मालाला उत्पादनखर्चाइतकाही भाव मिळू दिला जात नाही. १९७८ पासून चाकणच्या बाजारात कांद्याचे आंदोलन उभे राहिले. १९७९ साली शेतकरी संघटना स्थापन झाली. २६ जानेवारी १९८० रोजी रस्त्याच्या मागणीसाठी वांद्रे ते चाकण मोर्चा निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस व कांदा यांसाठी रस्ते अडले.

त्या काळी आम्ही नुकतेच शाळामास्तर झालो होतो. पाबळ, केंदूर, कान्हूर या बाजूच्या शेतकऱ्यांच्या बैलगाड्या चाकणच्या बाजारी जात, आणि सोमवारी वर्गात कोणता मुलगा वहीशिवाय आला यावरून आठवड्याचा कांद्याचा भाव आम्हांस कळे. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आमच्या विद्यार्थ्यांच्या बापांच्या तोंडून आम्ही ऐकली आहे. राजाजींनी मद्रासमध्ये इंग्रजीत जे मांडले, तेच चाकणला मराठीत आणि कांद्याच्या भावात मांडले गेले, तेव्हा ते लोकांना तत्काळ पटले. बाजारसमितीचा १९६३ चा कायदा, जीवनावश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा, लेव्ही, जिल्हाबंदी, निर्यातबंदी हे शब्द शेतकरी स्वतः उच्चारू लागला.

चळवळीला लक्षावधी माणसे आली. मते मात्र तितकी आली नाहीत. १९९० साली संघटनेचे काही कार्यकर्ते जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेत गेले. त्यांतील मोरेश्वर टेमुर्डे उपाध्यक्षही झाले. १९९४ साली जोशी यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. नावातच जुन्या पक्षाचे स्मरण होते. परंतु २००४ च्या विधानसभेत त्याचा एकच आमदार आला : चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याचे वामनराव चटप. त्याच वर्षी भाजप व शिवसेना यांच्या पाठिंब्याने जोशी राज्यसभेत गेले आणि २०१० पर्यंत तेथे राहिले. राजकीय पक्षांनी समाजवादावर निष्ठा प्रतिज्ञेवर सांगितली पाहिजे, अशी जी अट १९८९ पासून नोंदणीसाठी लागू झाली, ती काढून टाकण्याचे विधेयक त्यांनी मांडले. याच अटीस जुन्या स्वतंत्र पक्षाच्या मुंबईतील मंडळींनीही उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. ज्या विचाराविरुद्ध पक्ष काढावयाचा, त्याच विचाराची शपथ घेतल्यावाचून पक्षाची नोंदणी नाही, असा हा पेच होता.

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत झाले. ते एकटे विरोधी मत शरद जोशींचे होते. ज्यांनी १९८६ साली चांदवडला स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरविले, ज्यांच्या सांगण्यावरून सहस्रावधी शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला, त्यांनी हे मत दिले. आमचे मत त्या प्रश्नावर त्यांच्याहून भिन्न आहे. फिरत्या मतदारसंघांची रीत त्यांना सदोष वाटली, आणि त्यांनी ती सदोष आहे असे एकट्याने उभे राहून सांगितले. १२ डिसेंबर २०१५ रोजी ते निवर्तले.

मधल्या काळात एक विलक्षण गोष्ट घडली होती. जुलै १९९१ मध्ये काँग्रेसच्याच सरकारने बहुतेक उद्योगांवरील लायसन्स रद्द केले. राजाजींचे अर्धे म्हणणे त्यांच्या प्रतिपक्षाने त्यांच्या पश्चात मान्य केले. पण ते कारखानदारापुरते. शेतकऱ्याच्या वाट्याचे अर्धे तसेच राहिले. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ पर्यंत उठली नाही. सरकारे बदलली, पक्ष बदलले, कांद्याच्या डोळ्यांतील पाणी तेच.

बोध

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. ज्ञातीने एकगठ्ठा मत द्यावे काय? वरील इतिहासावरून आमचे उत्तर स्पष्ट आहे : देऊ नये, आणि ज्ञातिसंस्थेने तसे सांगू तर मुळीच नये.

आमच्या म्हणण्याचा अर्थ ज्ञातीने राजकारणापासून अलिप्त राहावे असा नाही. आपल्या मुलामुलींनी ग्रामपंचायतीत जावे, विधानसभेत जावे, वाटेल त्या पक्षातून जावे. परंतु संस्था ही सर्वांची आहे. कुळकायद्याने जमीन मिळालेले घर आणि गेलेले घर, दोन्ही तिच्या पंगतीस बसली आणि बसत आहेत. चाकणच्या रस्त्यावर बसलेला आणि कारखान्याच्या संचालक मंडळात बसलेला, दोघांच्याही मुलांना तिची शिष्यवृत्ती मिळते. त्या पंगतीत पक्षाची पत्रावळ मांडली की निम्मी माणसे उठून जातील. गुजरातेत तसेच झाले.

शिवाय गठ्ठ्याची किंमत करणारा तो गठ्ठा बांधणाऱ्याला देतो, गठ्ठ्यातील काडीला देत नाही. २००८ च्या मतदारसंघ-पुनर्रचनेत पाबळचे गाव तालुक्याने शिरूरमध्ये राहिले आणि विधानसभेसाठी आंबेगावला जोडले गेले. कागदावरच्या एका रेघेने गठ्ठे सुटतात व नवे बांधले जातात. विचार करून दिलेले मत मात्र कोणत्याही मतदारसंघात मतदाराबरोबरच जाते.

स्वतंत्र पक्ष हरला, कारण तो लोकांच्या भाषेत बोलला नाही, लोकांच्या अडचणीत उतरला नाही, आणि जेथे जिंकला तेथे पुष्कळदा दुसऱ्यांच्या प्रजेवर जिंकला. हे त्याचे दोष होत. परंतु आपल्या सभासदाचे मत त्याच्याच विवेकावर सोपविण्याचा त्याचा एकविसावा नियम आमच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. प्रत्येक घरात मतदान करणाऱ्या नव्या पिढीने उमेदवारांचे जाहीरनामे वाचावेत, घरातील स्त्रियांनी कोणाला विचारल्यावाचून आपले मत ठरवावे, आणि दोन भाऊ दोन पक्षांना मत देऊन संध्याकाळी एका ताटात जेवावेत, असे झाले तर आपल्या संस्थेचे कार्य सफल झाले असे आम्ही समजू. सनदेची मालकी मर्जीवर चाले. सात-बाऱ्याची मालकी हक्काने आली. आपले मतही सनद नव्हे, सात-बारा आहे. तो दुसऱ्याच्या नावे चढवू नये, एवढीच ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो.